मनीच्या पिल्लाचा अभ्यास

मांजराचे पिल्लू इतके खोडकर का? आजी म्हणते, "जातच तशी!" खरे पाहता तो त्याचा अभ्यास असतो. दबा धरणे, झडप घालणे, दिसेल ते पंजाने उलथून पाहणे हे सारे शिकारीचे धडे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मग पिल्लाच्या शिक्षणाआड मी कसा येणार?

पण आई शिवणकाम करते, म्हणून एक पथ्य कडक पाळतो: सुई-दोरा डब्यात बंद. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. त्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकणे कठीण. तो पोटात गेला की आतडी आवळतो, प्रसंगी कापतोही. टोक बाहेर दिसले तरी ओढू नये. तडक जनावरांचा दवाखाना गाठावा. अभ्यासाला पिंगपाँगचा चेंडू पुरतो!