बिऱ्हाड चाकांवर

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. मोटरहोमचं बिऱ्हाड चाकांवर असतं. ड्रायव्हरच्या मागे दोन शेगड्यांचा ओटा, इवलासा फ्रिज, रात्री पलंग होणारा बाक आणि कपाटाएवढं न्हाणीघर. कुकर, पोहे आणि गोडा मसाला बरोबर घेतला की जेवणासाठी कुणाच्या मिनतवाऱ्या करायला नकोत. असा संसार थाटून आम्ही चौघांनी एका जूनमध्ये आठवडाभर स्कॉटलंडच्या उत्तरेचा डोंगराळ मुलूख, म्हणजे हायलँड्स, पाहिला.

इन्व्हरनेसच्या किल्ल्यापासून निघून किनाऱ्याकिनाऱ्यानं पुन्हा तिथंच येणारी ही वाट ५१६ मैलांची, म्हणजे सुमारे ८३० किलोमीटरची आहे. रस्ते जुनेच. 'नॉर्थ कोस्ट ५००' हे नाव त्यांना २०१५ मध्ये मिळालं आणि प्रवाशांची रीघ लागली. पश्चिमेला आणि उत्तरेला बराचसा रस्ता एकाच गाडीपुरता आहे. थोड्या थोड्या अंतरावर कडेला जागा रुंद केलेली असते. तिला 'पासिंग प्लेस' म्हणतात. समोरून गाडी दिसली की तिथं थांबायचं, हात वर करून नमस्कार-चमत्कार करायचे आणि मग पुढे जायचं. मागे कुणी खोळंबलं असेल, तर त्यालाही वाट द्यायची. आपण सहलीला आलेले असतो. तो कामावर निघालेला असतो.

रात्रीच्या मुक्कामाचीही शिस्त आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं माळरानावर हिंडायचा आणि तंबू ठोकायचा हक्क सर्वांना दिला आहे, पण तो मोटारगाड्यांना लागू नाही. म्हणून आम्ही कॅम्पसाइटवरच थांबायचो. तिथं पाणी भरायचं, विजेची तार जोडायची आणि सकाळी संडासाची टाकी रिकामी करायची. हे काम कुणी करायचं, यावरून घरात रोज चिठ्ठ्या पडत. ॲपलक्रॉसकडे जाणारा बेलाख ना बा हा ६२६ मीटर उंचीचा घाट आम्ही सोडून दिला. नावाचा अर्थ गुरांची खिंड. अवजड गाड्यांनी इकडे येऊ नये, असं सुचवणारी पाटी पायथ्यालाच आहे.

रात्री साडेदहालाही उजेड असायचा. खिडकीबाहेर तळं, डोंगर, मेंढ्या, माणूस नाही. धाकटीनं विचारलं, "बाबा, इथं कधीच कुणी राहत नव्हतं का?"

उत्तर किनाऱ्यावरच्या बेटीहिलहून नेव्हर नदीच्या काठानं आत गेलं, की तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. रोझल नावाच्या गावाचे तिथं दगडी जोते तेवढे उरले आहेत. सदरलंडच्या जहागिरीला मेंढपाळीचे मोठे मळे हवे होते. त्यातून खंड जास्त मिळणार होता. म्हणून या खोऱ्यातली कुटुंबं हलवण्यात आली. १८१४ आणि १८१९ मध्ये तर लोकांनी परत फिरू नये म्हणून घरं जाळली गेली. जहागिरीचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ मध्ये इन्व्हरनेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. लोकांना किनाऱ्यावर खडकाळ तुकडे मिळाले. शेतकऱ्यांना मासेमारी शिकावी लागली, कित्येक जण समुद्रापार गेले. बेटीहिल हे नावही जहागिरीच्या मालकिणीचं, काउंटेस एलिझाबेथचं. जमीन कसणाऱ्यांना ती राखण्याचा कायदेशीर हक्क मिळायला १८८६ साल उजाडावं लागलं.

ज्या एकांतासाठी आपण इतक्या दूर जातो, त्यातला बराचसा असा माणसांनीच घडवलेला आहे. आजही इथली वस्ती विरळ आहे. दुकान, शाळा, टपाल कचेरी टिकायची तर गिऱ्हाईक हवं, मुलं हवीत. मोटरहोमवाल्याची गोम इथंच आहे. त्याच्याजवळ सगळंच असतं, त्यामुळे एक पैसाही न खर्चता तो गाव ओलांडून जाऊ शकतो आणि मागे फक्त चाकोऱ्या ठेवतो. रोझल पाहिल्यानंतर आमच्या हिनं एक नियम केला. दूध, ब्रेड, बटाटे वाटेतल्या गावातच घ्यायचे. चार पैसे जास्त पडले तरी चालतील. दुकानदारीणबाईंशी गप्पा व्हायच्या, पुढचा रस्ता कळायचा. तुम्ही गेलात तर कुकर जरूर न्या, बटाटे मात्र तिथलेच घ्या.