फुगा बघून थबकणारी धार

कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून बुक्की मारली की ते दगडासारखं घट्ट होतं, हे रील्समुळे सगळ्यांना पाठ झालंय. पण खरी मजा तेलात आहे! पाण्याऐवजी खायचं तेल घ्या. पातळ मिश्रण चमच्यातून ओता आणि केसांवर घासलेला फुगा धारेजवळ न्या. धार फुग्याकडे वळते, जाड होते, कधी मध्येच थबकते. फुगा बाजूला केला की पुन्हा वाहते. विद्युतक्षेत्रात स्टार्चच्या प्रत्येक कणाची एक बाजू धन, दुसरी ऋण होते आणि कणांच्या साखळ्या जुळतात. अमेरिकेच्या विलिस विन्स्लो यांना याच गुणधर्मावर १९४७मध्ये पेटंट मिळालं. पुढे त्यावर क्लच-ब्रेकचे प्रयोग झाले. फक्त पावसाळ्यात हा डेमो ठेवू नका. दमट हवेत फुग्यावरचा चार्ज टिकत नाही, मग बॅकबेंचर्स गप्प बसतील होय?