आठवीनंतरची वाट

शालान्त परीक्षेच्या निकालाची टक्केवारी जाहीर झाली की शाळा धन्य होते आणि गावही समाधान पावते. परंतु परीक्षेला बसलेल्यांपैकी किती उत्तीर्ण झाले, एवढेच ती टक्केवारी सांगते. परीक्षेपर्यंत जे पोचलेच नाहीत त्यांची दखल ती घेत नाही. किनवटसारख्या तालुक्यात ही उणीव क्षुल्लक मानता येणार नाही.

पैनगंगेच्या खोऱ्यातला हा सागवानी जंगलाचा मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेड जिल्ह्यात आला. गोंड, कोलाम, आंध, प्रधान आणि तांड्यांवरील बंजारा समाजाची येथे मोठी वस्ती आहे. घरी गोंडी, कोलामी, गोरमाटी, तेलुगू वा उर्दू बोलणारी मुले एका बाकावर बसतात ती शाळेत. त्यांतील अनेकांना मराठी ही शिकून घ्यावी लागणारी भाषा आहे. म्हणूनच येथील माध्यमिक शाळा हे साऱ्या तालुक्याचे सामाईक अंगण ठरते.

मात्र २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा या वयापुरते, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. नेमक्या त्याच वेळी शाळा घरापासून दूर जाते, कापूस वेचणीला हात हवे असतात आणि मुलीच्या लग्नाचा विषय निघतो. कायद्याचा हात सुटतो तेथे समाजाने हात द्यावयाचा असतो.

मराठवाड्याला हे नवे नाही. निजामी राजवटीत माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाले, तेव्हा लोकांनीच आपल्या शाळा उभारल्या. १९२१ मध्ये सुरू झालेली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा त्यांपैकीच एक. स्वामी रामानंद तीर्थ यांनी तेथे आणि पुढे अंबाजोगाईत अध्यापन केले. त्या वर्गांतून हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते घडले. आज शिक्षकांचे वेतन शासन देते, हे योग्यच आहे. पण त्याबरोबर शाळेची काळजीही शासनावर सोपवून गाव मोकळे झाले, हे मात्र योग्य नव्हे.

दहावीच्या निकालाबरोबरच प्रत्येक शाळेने आणखी एक आकडा फलकावर लिहावा: दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुले होती, आणि त्यांतली किती आज दहावी झाली? उरलेली कोठे गेली, याचा शोध शिक्षकांनी पाड्यावर आणि तांड्यावर जाऊन घ्यावा. जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहातील प्रवेश यांच्या कागदपत्रांत अडलेल्या पालकाला कचेरीतल्या कारकुनाचा अर्धा तास पुरेल. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सायंकाळी एखादा अभ्यासवर्ग चालवावा. यांतील कोणत्याही कामाला नव्या शासननिर्णयाची आवश्यकता नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत माध्यमिक शिक्षण सर्वांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते किनवटमध्ये सफल झाले की नाही, हे गुणवत्ता यादीवरून ठरणार नाही. आठवीच्या हजेरीपटावरील किती नावे दहावीच्या हजेरीपटावर शिल्लक राहिली, यावरूनच ते ठरेल.