चल तदर्थ जालकांतील मार्गनिर्धारण

मनोरे, मध्यवर्ती केंद्र किंवा आधी टाकलेल्या तारा यांपैकी कशाचाही आधार न घेता हलत्या बिनतारी उपकरणांनी परस्परांत तात्पुरत्या उभारलेल्या जालकात संदेश कोणत्या वाटेने न्यावयाचा, हे ठरविण्याची क्रिया. ‘तदर्थ’ म्हणजे त्या वेळच्या गरजेपुरते. अशा जालकातील प्रत्येक उपकरणास नोड म्हणतात. नोड स्वतःचे संदेश पाठवितो व घेतो. शिवाय इतरांचे संदेश पुढे पोहोचवितो. एका नोडपासून शेजारच्या नोडपर्यंतच्या प्रवासास टप्पा असे म्हणतात.

नेहमीच्या मोबाइल दूरध्वनीत उपकरण ते मनोरा हा भाग बिनतारी असतो. त्यापुढील मार्ग बहुधा कायम स्वरूपाचा असतो. भूकंप, महापूर किंवा चक्रीवादळ यांमुळे मनोरा कोसळला अथवा त्याचा वीजपुरवठा तुटला, तर एकाच गल्लीतील दोन दूरध्वनींचाही त्याद्वारे संपर्क होऊ शकत नाही. अशा प्रसंगी मदतपथकांना, तसेच रणांगणावर सैन्यास तदर्थ जालक उपयुक्त ठरते. मात्र ज्या मोकळेपणामुळे ते कोठेही उभारता येते, त्याच मोकळेपणामुळे त्यातील मार्ग टिकविणे कठीण होते.

इतिहास : हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रमसन यांच्या नेतृत्वाखाली १९७१ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘अलोहा’ जालकात संदेशाचे छोटे तुकडे (पॅकेटे) रेडिओ तरंगांद्वारे पाठविले जात, परंतु सर्व उपकरणे थेट मध्यवर्ती संगणकाशीच बोलत असल्याने मार्गाचा प्रश्न उद्‌भवत नसे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या प्रगत संशोधन प्रकल्प संस्थेने (डार्पाने) १९७३ च्या सुमारास पॅकेट रेडिओ प्रकल्प हाती घेतला. त्यात संदेश अनेक टप्प्यांनी जात असे. प्रारंभी मार्ग एक मध्यवर्ती स्थानक ठरवीत असे. पुढे हे काम नोडांमध्ये विभागण्यात आले. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को उपसागराच्या परिसरात धावत्या मोटारगाडीतून निघालेली पॅकेटे या रेडिओ जालकासह तीन भिन्न जालकांमधून यशस्वी रीत्या नेण्यात आली. इंटरनेटच्या नियमावल्या ठरविणाऱ्या ‘आयईटीएफ’ या संघटनेने १९९७ मध्ये चल तदर्थ जालकांसाठी कार्यगट स्थापन केला.

बदलती रचना : प्रत्येकी १०० मी. पल्ल्याची उपकरणे असलेली दोन वाहने ताशी ३६ किमी. वेगाने परस्परविरुद्ध दिशांनी जात असतील, तर त्यांचा सापेक्ष वेग सेकंदास २० मी. होतो व ती जेमतेम १० सेकंद संपर्कात राहतात. मार्गात टप्पे जितके अधिक तितका तो तुटण्याचा संभव अधिक. प्रत्येक दुवा एखाद्या कालावधीत टिकण्याची संभाव्यता ०·९ असेल आणि दुवे परस्परांवर अवलंबून नसतील, तर पाच टप्प्यांचा संपूर्ण मार्ग टिकण्याची संभाव्यता सु. ०·५९ एवढीच राहते.

स्थिर जालकांतील जुन्या पद्धती येथे अपुऱ्या पडतात. क, ख व ग हे नोड एका ओळीत आहेत असे मानू. ख व ग यांमधील दुवा तुटला. परंतु क अद्याप ‘ग माझ्यापासून दोन टप्प्यांवर आहे’ असे कळवीत आहे. वस्तुतः क चा तो मार्ग ख मधूनच जातो, हे ख ला ठाऊक नसते. म्हणून ख हे अंतर तीन टप्पे धरतो, ते ऐकून क चार धरतो, आणि आकडा निष्कारण वाढत जातो. दरम्यान पॅकेटे त्या दोघांतच घुटमळत राहतात. चार्ल्‌स पर्किन्स व प्रवीण भागवत यांनी १९९४ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत माहितीस गंतव्य नोडाशी निगडित असा वाढता क्रमांक दिला जातो. जुन्या क्रमांकाची माहिती त्याज्य ठरते व फेरे टळतात.

मार्ग शोधण्याच्या पद्धती : यांचे दोन मुख्य वर्ग आहेत. पहिल्यात सर्व मार्गांची सारणी सतत अद्ययावत ठेवतात. त्यामुळे मार्ग तत्काळ मिळतो. पण संदेश नसतानाही देखभालीची पॅकेटे वाहत राहतात. दुसऱ्यात गरज पडेल तेव्हाच मार्गाची विचारणा शेजाऱ्यांकडून शेजाऱ्यांकडे पसरवितात. त्यामुळे एरवीची वाहतूक वाचते. पण पहिल्या संदेशास विलंब लागतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमावल्यांपैकी ‘ओएलएसआर’ पहिल्या वर्गातील व ‘एओडीव्ही’ दुसऱ्या वर्गातील आहे. विचारणा प्रत्येक नोडाने पुन्हा प्रसारित केल्यास पॅकेटे एकमेकांवर आदळून जालक गुदमरते. हे टाळण्यासाठी ओएलएसआर पद्धतीत प्रत्येक नोड पुनःप्रसारणाकरिता निवडक शेजारीच नेमतो.

सामाईक माध्यम : आकाश सर्वांचे एकच असल्याने जवळचे दोन नोड एकाच कंप्रतेवर एकाच वेळी पाठवू शकत नाहीत. शिवाय एकमेकांना ऐकू न येणारे दोन प्रेषक मधल्या एकाच ग्राहीकडे पाठवू लागले, तर दोन्ही संदेश बिघडतात; यास ‘लपलेल्या नोडाची समस्या’ म्हणतात. पीयूष गुप्ता व पी. आर. कुमार यांनी २००० मध्ये दाखविले की, यदृच्छया विखुरलेल्या n स्थिर नोडांच्या जालकात प्रत्येकाच्या वाट्याची वहनक्षमता √(n log n) च्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणजे नोडांची संख्या १०० वरून १०,००० झाल्यास प्रत्येकाचा वाटा सु. १/१४ उरतो.

कमीत कमी टप्प्यांचा मार्ग नेहमीच उत्तम नसतो. लांबचा दुवा बहुधा क्षीण असतो. एखाद्या दुव्यावर संदेश व त्याची पोच प्रत्येकी निम्म्या वेळाच पोहोचत असतील, तर सरासरी चार वेळा पाठवावे लागते. याउलट दोन्ही दिशांनी ०·९ यशाच्या दोन दुव्यांवर मिळून सु. अडीच वेळाच पाठवून काम भागते.

इतर अडचणी : इतरांचे संदेश पोहोचविण्यात नोडाची विद्युत् घटमाला खर्च होते. मोक्याच्या जागचा नोड लवकर निकामी होऊन जालक दुभंगू शकते. एखादा दुष्ट नोड ‘जवळचा मार्ग माझ्याकडूनच आहे’ अशी बतावणी करून आलेली पॅकेटे गिळून टाकू शकतो. यास ‘कृष्णविवर हल्ला’ म्हणतात. जालकाचे तुकडे झाल्यास सलग मार्गच नसतो. तेव्हा नोड संदेश साठवून ठेवतो, स्वतःबरोबर वाहून नेतो व दुसरा नोड भेटताच त्याच्या हवाली करतो. या पद्धतीत विलंब होतो, परंतु संदेश पोहोचण्याची शक्यता राहते.

सर्व परिस्थितींत सरस ठरेल अशी एकच पद्धत नाही. नोडांची संख्या, वेग, वाहतूक व उपलब्ध ऊर्जा यांनुसार निवड करावी लागते. या अभ्यासातून निघालेली तत्त्वे आज लष्करी रेडिओ, बिनतारी संवेदक जालके व नागरिकांनी उभारलेली सामुदायिक जालके यांत वापरली जातात.