लेकुरवाळ्यांनी सिनेमा पाहू नये?

भाट्याचा पूल ओलांडून रत्नागिरीत सिनेमाला जायचे, तर तान्हे मूल ठेवायचे कुणाजवळ? घरात आजी नसेल तर सिनेमा चुकतो तो आईचाच. म्हणून लहान मुलांना सरसकट बंदी मला पटत नाही.

‘ए’ चित्रपटांना अठरा वर्षांखालील मुलांस मज्जाव आहेच. १९८३ पासून ‘यूए’ आले. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे केले. पण हे टप्पे पालकांना केलेली सूचना आहे; त्यावरून दारावरचा माणूस मुलाला अडवू शकत नाही. कायद्याने निर्णय आईबापांवर सोपवला आहे.

तेव्हा तिकिटाआधी प्रमाणपत्र पाहावे. मूल घाबरले, रडले, तर उठून बाहेर यावे. दर वेळी आईनेच नव्हे. थिएटरवाल्यांनीही आवाज बेताचा ठेवून आठवड्याला एक खेळ लेकुरवाळ्यांसाठी लावावा. बंदीपेक्षा हे बरे.