पाण्याला खुर्ची लागत नाही

जळगावहून धुळ्याला जाताना एरंडोल, पारोळ्याच्या बाजारात हाताने पायडल फिरवायची तीनचाकी सायकल हमखास दिसते. ती चालवणाऱ्याचे खांदे पाहिले की मला प्रश्न पडतो, या माणसाला शर्यतीत उतरायचे असेल तर त्याला अडवते काय? या प्रश्नाचे उत्तर मला मुरलीकांत पेटकरांच्या कारकिर्दीत सापडले.

पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. सैन्यात ते मुष्टियोद्धा होते. 1965च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. 1968मध्ये तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. 1972मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात 37.33 सेकंदांची विश्वविक्रमी वेळ देत सुवर्णपदक मिळवले. भारताचे हे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. त्यांच्या परदेशवारीला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेचा हातभार होता. पद्मश्री मात्र मिळाली 2018मध्ये, म्हणजे 46 वर्षांनी.

त्याच हायडेलबर्गमध्ये पेटकर भालाफेकीत आणि चाकाच्या खुर्चीच्या स्लॅलममध्येही अंतिम फेरीपर्यंत गेले होते, याचा उल्लेख फारसा होत नाही. स्लॅलम म्हणजे मांडून ठेवलेल्या अडथळ्यांमधून खुर्ची पुढे-मागे वळवत घड्याळाशी केलेली झुंज. सरळ शर्यत त्याआधीच, 1964च्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये आली होती. अंतर होते 60 मीटर आणि खुर्च्या रोजच्या वापरातल्यासारख्याच.

आजची शर्यतीची खुर्ची वेगळीच असते. पुढे लांब दांड्यावर एक लहान चाक, मागे दोन मोठी चाके. ही चाके वरच्या बाजूला आत झुकलेली असतात, त्यामुळे ती दंडाला घासत नाहीत आणि वळणावर खुर्ची स्थिर राहते. चाकाला बाहेरून एक लहान कडे जोडलेले असते. खेळाडू ते पकडत नाही, जाड हातमोज्याने त्यावर फटका मारून खाली ढकलतो. बैठक त्याच्या कमरेच्या मापाने बनवतात. दुसऱ्याच्या खुर्चीत वेग येत नाही, तो इथेच.

म्हणून मला वाटते, पेटकरांचे सुवर्ण पाण्यात आले हा निव्वळ योगायोग नसावा. त्यांची जिद्द आणि मेहनत होतीच. पण पाण्यात उतरल्यावर श्रीमंत देशाचा खेळाडू आणि आपला, दोघांकडे फक्त आपापले हात उरतात. ट्रॅकवर तसे होत नाही. तिथे हातांच्या आधी खुर्ची लागते.

आपल्याकडची तीनचाकी माणसाला बाजारापर्यंत नेते, आणि ते मोठेच काम आहे. पण साखळीवर चालणाऱ्या त्या सायकलीवर कड्याला फटका मारण्याचा सराव होत नाही. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांच्या मैदानांवर माप कमी-जास्त करता येणारी एकेक खुर्ची आणि ती शिकवणारा एकेक माणूस असला, तर निदान पारोळ्याच्या बाजारातले ते खांदे किती वेगाने धावू शकतात, हे मोजता तरी येईल. आज आपण ते मोजलेलेच नाही.