यंत्र घेण्याआधी ते वापरणाऱ्यांना विचारा

आपल्या समाजातील अनेक बचत गट आणि तरुण आज स्वतःचा उद्योग उभा करीत आहेत. कर्ज कसे मिळवावे, याची माहिती आता बऱ्यापैकी मिळते. मात्र त्या कर्जातून घ्यायचे यंत्र कसे निवडावे, यावर फारसे बोलले जात नाही. बचत गटांसोबत काम करताना आम्हाला वारंवार दिसते की मेहनतीत कसूर नसतानाही सुरुवातीची एक चुकीची खरेदी उद्योगाला बसवते.

व्यापारी घराण्यातील मुलाला कोणता माल टिकतो, कोणता विक्रेता शब्द पाळतो, हे घरच्या बोलण्यातूनच कळते. पहिल्या पिढीच्या उद्योजकाकडे हा वारसा नसतो. त्याच्यासमोर असतात विक्रेता आणि त्याचे माहितीपत्रक. दोन वर्षांनी यंत्राची काय अवस्था होते, हे मात्र वापरणाराच सांगू शकतो.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक महत्त्वाची गोष्ट मांडली. जवळच्या माणसांकडे बहुधा आपल्याला ठाऊक असलेलीच माहिती असते. नवी माहिती दूरच्या ओळखीतून येते. म्हणून नातेवाईक आणि वस्ती यांच्यापुरते थांबू नये. दुसऱ्या तालुक्यातील किमान तीन जणांना विचारावे. ते आपले स्पर्धक नसल्याने मोकळेपणाने बोलतात.

काय विचारावे? मिरची-मसाल्याचे यंत्र घ्यायचे आहे, असे समजू.

१) वीज : मोटार सिंगल फेजवर चालते की थ्री फेज जोडणी घ्यावी लागली? बिल किती येते?

२) माल : पल्व्हरायझर भराभर दळतो, पण माल तापतो आणि वास उतरू शकतो. डंका सावकाश चालतो, माल कमी तापतो. तुमच्या गिऱ्हाइकाला काय आवडते?

३) उत्पादन : माहितीपत्रकातला आकडा सोडा, प्रत्यक्षात तासाला किती किलो निघते?

४) दुरुस्ती : जाळी, पट्टा, बेअरिंग कुठे मिळते? कारागीर किती दिवसांत येतो?

'यंत्र चांगले आहे का?' असे विचारले की 'चांगले आहे' एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी 'शेवटचे कधी बंद पडले आणि किती खर्च आला?' असे विचारावे. सांगणाऱ्याला विक्रीत कमिशन आहे का, त्याचे काम आपल्याएवढेच आहे का, हेही पाहावे. एकाचा राग हा त्याचा अनुभव असतो. तिघांची तक्रार एकच असेल तर तो यंत्राचा दोष समजावा.

'अनुदान आहे, महाग कोटेशन चालेल' हा समज घातक आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ३५ टक्के अनुदान मिळते, स्वतःचा वाटा ५ टक्के असतो. पण अनुदान ३ वर्षे बँकेत अडकून असते आणि उरलेले कर्ज व्याजासह आपल्यालाच फेडायचे असते. वाढीव किंमत शेवटी आपल्याच हप्त्यात येते. तसेच ४० लाखांच्या आत उलाढाल असल्याने जीएसटी नोंदणी केली नसेल, तर यंत्रावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणून किमतींची तुलना करासह करावी.

पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ व्यापारी हेतूच्या खरेदीला लागू होत नाही. परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू त्यातून वगळली आहे. असा खरेदीदार ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो.

आणखी एक काम आपल्याच हातात आहे. यंत्र कधी घेतले, किती दिवस बंद राहिले, दुरुस्तीला किती लागले, हे गटाच्या वहीत लिहीत जा आणि विचारायला येणाऱ्या पुढच्या गटाला ती वही दाखवा. जी माहिती इतरांना घराण्यातून मिळते, ती आपण एकमेकांना अशीच देऊ शकतो.